शिंपला मरण्याच्या आधी

1999 साली गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले वाय. विश्वकिरण आणि ए. सी. अनिल यांचा एक छोटेखानी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मार्मगोवा बंदराच्या परिसरातल्या खडकांवरून त्यांनी ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या समुद्री गोगलगाई गोळा केल्या होत्या. कोकणचे नाव मिरवणाऱ्या या जातीच्या काही माद्यांना नराचे जननेंद्रिय उगवलेले आढळले. भारताच्या किनाऱ्यावरून अशी नोंद पहिल्यांदाच होत होती. या माद्या जिवंत होत्या, खडकाला धरून होत्या, कवचातही काही वावगे दिसत नव्हते. आतला मऊ जीव भिंगाखाली धरला तेव्हा बिघाड कळला. पाणी खराब झाले की जीव मरतात आणि जीव मेले नाहीत तर पाणी ठीक आहे, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. प्रदूषणाचे कायदे आणि तपासणीच्या पद्धतीही तिच्यावरच उभ्या आहेत. मार्मगोव्याच्या या गोगलगाईने ती समजूत खोटी ठरवली. एकही प्राणी न मरता जातीचा वंश खुंटू शकतो. हे समुद्राच्या बाबतीत जगाने मान्य केले आणि कायदाही केला. नदीच्या बाबतीत मात्र, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीसारख्या लहान नदीकाठच्या गावांच्या बाबतीत, आपण अजून जुन्याच मापाने पाणी मोजतो.

गोव्यातल्या नोंदीमागे तीस वर्षांचा इतिहास होता. 1970 मध्ये स्टीफन ब्लॅबर यांना इंग्लंडच्या प्लिमथ किनाऱ्यावर ‘डॉग व्हेल्क’ या गोगलगाईच्या माद्यांत हाच प्रकार दिसला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बी. एस. स्मिथ यांनी दुसऱ्या एका जातीत तो नोंदवला आणि पुढे होड्यांच्या धक्क्यांजवळ त्याचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवले. या विकृतीला ‘इम्पोसेक्स’ हे नाव त्यांनीच दिले. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत कालवांची पैदास लागोपाठ काही वर्षे बुडाली. जी कालवे वाढली त्यांची कवचे वेडीवाकडी जाड झाली होती. शोध घेता घेता सगळे धागे एकाच रसायनापाशी आले, ते म्हणजे ट्रायब्युटिल टिन. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात घातले जाणारे हे द्रव्य. फ्रान्सने 1982 मध्ये लहान होड्यांवर या रंगाची बंदी घातली, ब्रिटनने 1987 मध्ये. जगभरच्या जहाजांसाठीचा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये अमलात आला. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ब्रायन आणि गिब्ज यांनी दाखवून दिले होते की एका लिटर पाण्यात या द्रव्याचे एक-दोन नॅनोग्रॅम असले तरी मादीत बिघाड सुरू होतो. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. मात्रा वाढली की वाढलेल्या अवयवाने अंडी बाहेर पडण्याची वाटच बुजते, अंडी आतच कुजतात आणि त्या खडकावर पुढची पिढी येत नाही.

यात एक तपशील पुढच्या सगळ्या विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. ट्रायब्युटिल टिन गोगलगाईच्या शरीरात नेमके कोणत्या वाटेने काम करते, हे बंदी आली तेव्हा कळलेले नव्हते. बराच काळ तज्ज्ञांना वाटत होते की पृष्ठवंशी प्राण्यांतल्यासारख्या स्त्री-पुरुष संप्रेरकांचा तोल त्याने बिघडतो. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की वाट वेगळीच आहे. अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या एका ग्राहक-प्रथिनाला हे रसायन जाऊन चिकटते. म्हणजे यंत्रणा कळायच्या वीस-बावीस वर्षे आधी फ्रान्सने कारवाई केली आणि ती योग्य ठरली.

समुद्रातली ही गोष्ट एका रसायनाची आणि एका धंद्याची होती. रंगाचा डबा बदलला की प्रश्न सुटत होता. नदीतला प्रश्न इतका सरळ नाही, कारण तिथे दोषी माणसाचे स्वतःचे शरीर आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या उत्तरेकडच्या ली नदीत, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या अंगाला, नर आणि मादी दोन्हींच्या खुणा असलेले ‘रोच’ मासे सापडू लागले. ब्रुनेल विद्यापीठातले जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ट्राउट माशांचे पिंजरे सोडले. काही आठवड्यांत नर माशांच्या रक्तात अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले. हे काम 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. 1998 मध्ये त्या पाण्यातले मुख्य गुन्हेगार ओळखले गेले. ते होते इस्ट्रोजेनचे नैसर्गिक प्रकार आणि त्यांच्या जोडीला गर्भनिरोधक गोळीतले कृत्रिम इथिनिल इस्ट्राडिओल. यामागचे रसायनशास्त्र नीट पाहण्यासारखे आहे. शरीर इस्ट्रोजेन बाहेर टाकते ते कुलूप लावून. यकृत त्याला दुसऱ्या एका रेणूची जोड देते, त्यामुळे ते निष्क्रिय होऊन लघवीतून जाते. पण मैल्यातल्या जिवाणूंकडे, त्यातही आपल्या आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलायकडे, हे कुलूप उघडणारे विकर असते. गटारात ते इस्ट्रोजेन पुन्हा कामाचे होते. म्हणजे माणसाने निष्क्रिय करून टाकलेले द्रव्य सांडपाण्याच्या प्रवासातच पुन्हा जागे होते.

हे पाणी मासे श्वासावाटे घेतात. शिंपला मात्र त्यावरच जगतो. गोड्या पाण्यातला शिंपला तळाच्या गाळात अर्धा रुतून बसतो, कल्ल्यांतून दिवसभर पाणी ओढतो, त्यातले कण खातो आणि उरलेले सोडून देतो. एक शिंपला एका दिवसात कित्येक लिटर पाणी गाळतो, आणि हे तो वर्षानुवर्षे एकाच जागी करतो. मादी अंडी कल्ल्यांतच उबवते, म्हणजे तीही त्याच प्रवाहात न्हात असतात. पिल्ले बाहेर पडली की त्यांना एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून काही दिवस काढावे लागतात, तेव्हाच त्यांचा शिंपला होतो. मासा पळून जाऊ शकतो, शिंपल्याला पळता येत नाही. आणि माशांची पैदास घटली तरी फटका पुन्हा शिंपल्यालाच. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर फ्रान्स्वा गान्ये आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे हाच प्राणी तपासत होते. 2011 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की शहरी सांडपाण्याच्या तोंडाच्या वरच्या अंगाला ‘एलिप्शिओ कॉम्प्लानाटा’ या शिंपल्यात माद्यांचे प्रमाण सुमारे 30 टक्के होते, खालच्या अंगाला ते सुमारे 80 टक्क्यांवर गेले होते. सेंट लॉरेन्ससारख्या अफाट पाण्याच्या नदीत ही स्थिती.

या निष्कर्षावर गंभीर आक्षेप आहेत, ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ब्रिटिश संशोधक अलेक्झांडर स्कॉट यांनी 2012 आणि 2013 मध्ये दोन भागांत सविस्तर आढावा घेऊन प्रश्न केला की मृदुकाय प्राणी आपल्यासारखी लैंगिक स्टेरॉइड्स मुळात वापरतात का? इस्ट्रोजेन बनवणारे मुख्य विकर त्यांच्या जनुकांत सापडत नाही. इस्ट्रोजेन-ग्राहकासारखे दिसणारे त्यांचे प्रथिन इस्ट्रोजेनला प्रतिसाद देत नाही. शिंपल्यात जे स्टेरॉइड सापडते ते त्याने पाण्यातून शोषून चरबीत साठवलेले असते. शिवाय नर-मादीचे प्रमाण बदलले म्हणजे नराची मादी झाली असेच नव्हे, नर आधी मेले असेही असू शकते. हे मुद्दे मला वजनदार वाटतात, आणि ‘गोळीमुळे शिंपल्यांची मादी झाली’ अशी सरळ रेघ कोणी ओढली तर ती खोडावी. पण त्यातून सांडपाणी निर्दोष ठरत नाही. शिंपल्याच्या प्रजननावर सेरोटोनिनचा ताबा असतो. बीज आणि अंडी पाण्यात सोडण्याची खूण त्याच्याकडून येते. 1998 मध्ये पीटर फाँग यांनी प्रयोगात दाखवले की नैराश्यावरचे फ्लुऑक्सेटिन हे औषध पाण्यात घातले की झेब्रा शिंपले अवेळी बीज सोडतात. हे औषधही माणसाच्या लघवीतूनच नदीत जाते. इस्ट्रोजेनचे दार बंद असेल तर सेरोटोनिनचे उघडे आहे, आणि ट्रायब्युटिल टिनच्या इतिहासाने शिकवले आहे की कोणत्या दाराने विष शिरले हे ठरेपर्यंत थांबणे प्राण्याला परवडत नाही. राहिला नर आधी मेल्याचा मुद्दा. सांडपाण्याच्या खाली नरच मरत असतील, तरी पुढच्या पिढीच्या दृष्टीने निकाल तोच लागतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वऱ्हाडच्या या भागात गोड्या पाण्यातला शिंपला माणसापेक्षा कितीतरी जुना रहिवासी आहे. जॉन माल्कमसन यांनी 1837 मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे दख्खनच्या काळ्या खडकातल्या जीवाश्मांवर निबंध वाचला. त्यातले नमुने वरोऱ्याकडच्या चिकणीचे आणि पैनगंगेपलीकडच्या निर्मळच्या डोंगरांतले होते. लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या तळ्यांच्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि शिंपले सापडले. त्यातल्या एका शिंपल्याचे नाव पुढे ‘युनिओ डेक्कनेन्सिस’ असे ठेवले गेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, धगधगत्या लाव्हाचे लोट थांबत होते त्या मधल्या काळातही ही कुळी या पाण्यात नांदत होती.

तिच्या आजच्या वारसांचा अभ्यास मराठी मुलखात चांगल्या पायावर सुरू झाला होता, हे विसरले जाते. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात व्ही. एस. लोमटे आणि आर. नागभूषणम यांनी ‘पॅरेशिया कॉरुगाटा’ या शिंपल्याचे प्रजननचक्र तपासले. कोणत्या ऋतूत बीजकोश भरतात, कधी रिकामे होतात, याचा तो शोध होता. नागभूषणम यांचा एक विषय अपृष्ठवंशी प्राण्यांच्या संप्रेरकांचा होता. म्हणजे शिंपल्याचे अंतर्गत वेळापत्रक बिघडले आहे का, हे ओळखायला जी मूळ नोंद लागते ती तयार करण्याची विद्या आपल्या विद्यापीठात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी होती. पुढे प्रदूषणाचा विषय आला तेव्हा मात्र एक वेगळाच प्रयोग सर्वत्र रूढ झाला. शिंपले काचेच्या टाकीत ठेवायचे, विष घालायचे आणि 96 तासांत निम्मे कोणत्या मात्रेला मरतात ते पाहायचे. या प्रयोगाची गरज नाकारण्याचे कारण नाही. पण मार्मगोव्याची गोगलगाय अशा टाकीत ठेवली असती तर ती चार दिवस सुखरूप राहिली असती आणि पाणी निर्दोष ठरले असते.

कायद्याने हीच दृष्टी उचलली. महाराष्ट्र याबाबतीत देशाच्या पुढे होता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा 1969 चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 मध्ये स्थापन झाले, आणि केंद्राचा कायदा आला 1974 मध्ये. नदीची प्रत ठरवताना मुख्यतः पाण्यातला प्राणवायू किती, तो खाणारी घाण किती (तीच ती बीओडी) आणि मैल्यातले जिवाणू किती, हे पाहायचे असे ठरले. त्या काळी ते बरोबरच होते. पटकी आणि कावीळ आधी, शिंपले नंतर. त्या मापानेही आपण उत्तीर्ण झालो नाही ही गोष्ट वेगळी. केंद्रीय मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात सर्वाधिक 53 महाराष्ट्राचे होते. पण माझा मुद्दा पुढचा आहे. 2015 मध्ये केंद्राने सांडपाणी केंद्रांसाठी कडक मापदंडांचा मसुदा काढला, त्यात अमोनियावर मर्यादा होती. 2017 मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा ती गळाली. सामू, बीओडी, तरंगते कण आणि जिवाणू एवढेच उरले, आणि महानगरे सोडून इतर ठिकाणी बीओडी लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत चालेल असे ठरले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये बीओडीसाठी 10 आणि एकूण नायट्रोजनसाठीही 10 मिलिग्रॅमची मर्यादा सांगून ही सूट चुकीची ठरवली.

अमोनियाचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर शिंपल्याकडेच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2013 मध्ये नद्यांतल्या अमोनियाची मर्यादा खाली आणली, कारण सगळ्या जलचरांत गोड्या पाण्यातले शिंपले आणि गोगलगाई अमोनियाला सर्वांत हळवे ठरले. कॅनडातल्या ग्रँड नदीवर किचनर शहराच्या सांडपाणी केंद्राखाली तब्बल सात किलोमीटर पट्ट्यात शिंपले साफ नाहीसे झाल्याचे पॅट्रिशिया गिलिस यांनी दाखवले. त्याच पट्ट्यात नर माशांच्या वृषणांत अंडी सापडत होती. मग 2012 च्या सुमारास त्या केंद्रात हवा खेळवण्याची क्षमता वाढवली गेली, जेणेकरून जिवाणूंना अमोनियाचे नायट्रेट करायला पुरेसा प्राणवायू आणि वेळ मिळावा. हेतू अमोनियाचा होता. पण इस्ट्रोजेन मोडणारे जिवाणूही तेवढाच वेळ आणि तीच हवा मागतात. तीन वर्षांत खालच्या पट्ट्यातल्या माशांमधली विकृती वरच्या, स्वच्छ भागातल्या पातळीजवळ उतरली. संप्रेरकांसाठी म्हणून वेगळे यंत्र बसवावे लागले नाही.

याच ठिकाणी सगळ्यात मोठ्या आक्षेपाला उत्तर मिळते. आक्षेप असा की घाटंजीत अजून नाल्याच धड नाहीत, तिथे संप्रेरकांची चर्चा म्हणजे श्रीमंत देशांची चैन. युरोपने 2024 मध्ये औषध आणि प्रसाधन कंपन्यांकडून खर्च वसूल करून शुद्धीकरणाची चौथी, औषधांचे अंश काढणारी पायरी उभारायचे ठरवले, ती आपल्या नगर परिषदेला कशी परवडणार? चौथी पायरी परवडणार नाही हे खरे, आणि ती मागावीही लागत नाही. मागायची आहे ती दुसरी, जिवाणूंना हवा देऊन घाण मोडण्याची पायरी, पण पूर्ण. वीस-एकवीस हजार वस्तीचे घाटंजी वाघाडी नदीच्या काठी आहे. वाघाडी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि पुढे प्राणहितेवाटे हे पाणी गोदावरीत जाते. विदर्भातल्या अशा लहान नद्यांना उन्हाळ्यात स्वतःचे पाणी उरत नाही, डोह उरतात आणि त्यांत गावातली नाली येऊन मिळते. सेंट लॉरेन्समध्ये सांडपाण्यावर कितीतरी पट पाणी पडते, इथे एप्रिल-मेमध्ये पातळ करायला काहीच नसते. शौचालये झाली, चांगलेच झाले; पण त्यांच्या सेप्टिक टाक्यांमध्ये प्राणवायू नसतो आणि प्राणवायूवाचून इस्ट्रोजेन फार सावकाश मोडते. टाकीचे वरचे पाणी नालीत, नालीचे नाल्यात, नाल्याचे नदीत, एवढा साधा हा मार्ग आहे.

आपल्याकडे गोळी खाणाऱ्या बायका थोड्या, भर नसबंदीच्या शस्त्रक्रियेवर, मग इथे इस्ट्रोजेन कुठले, असाही प्रश्न येतो. इंग्लंडच्या नद्यांत सापडलेला मोठा वाटा नैसर्गिक इस्ट्रोजेनचाच होता. ते गरोदर बाईच्या लघवीत सर्वाधिक असते, गायी-म्हशींच्या मूत्रात आणि शेणातही असते, आणि गोठ्याचे पाणीही त्याच नालीने जाते. कापसाच्या पट्ट्यात खरा दोष पऱ्हाटीवरच्या फवारणीचा, असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसे दगावली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंद केलेले एंडोसल्फान हे कीटकनाशक तर संप्रेरके बिघडवणारे म्हणूनच कुप्रसिद्ध होते. पण शेतातले विष पावसाच्या वाहणीबरोबर येते, सांडपाणी बाराही महिने येते. आणि एका विषाचा ताण असलेल्या प्राण्याला दुसरे विष कमी बाधते, असा कुठलाही नियम नाही.

म्हणून मागणी मोठी नाही, पण नेमकी आहे. घाटंजीत आणि पैनगंगेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक नगर परिषदेत सांडपाणी केंद्राचा आराखडा मांडला जाईल तेव्हा त्यात बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा लिहिलेली आहे का आणि ती गाठण्याइतकी हवा व वेळ हिशेबात धरला आहे का, हे नगरसेवकांनी सही करण्यापूर्वी विचारावे. यवतमाळ आणि अमरावतीच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी नालीच्या तोंडाच्या वर आणि खाली, पावसाळ्याआधी आणि नंतर, शिंपले मोजावेत. किती जिवंत हे तर मोजावेच, पण लहान शिंपले आहेत का, नर किती, माद्या किती आणि कल्ल्यांत अंडी धरलेल्या किती, हेही नोंदवावे. डोहातला शिंपला ढिवरांच्या हाताला रोज लागतो, त्यांना सोबत घ्यावे. म्हातारे शिंपले सापडतात आणि पिल्ले सापडत नाहीत असे ज्या डोहात दिसेल, त्या डोहाची प्रत बीओडीच्या आकड्यात कितीही चांगली निघो, ती नापास धरावी.